नाडी ६८ वर अडकली तर पेस्टचा डोस वाढवायचा का?

८० किमीच्या एन्ड्युरन्स राइडमध्ये (लांब पल्ल्याच्या घोडदौडीत) दुसऱ्या व्हेट गेटला, म्हणजे वाटेत पशुवैद्य घोडा तपासतो त्या थांब्याला, घोड्याची नाडी दहा मिनिटांनंतरही मिनिटाला ६८ होती, तो पाण्याला तोंड लावत नव्हता, म्हणून पुढच्या वेळी इलेक्ट्रोलाइट पेस्ट (घामातून गेलेले क्षार भरून काढणारी) दुप्पट द्यायचा तुमचा विचार आहे. तसं करू नका.

माणसाचा घाम रक्ताहून पातळ असतो, घोड्याचा तसा नसतो. उन्हात तासाला १०-१५ लिटर घाम जाऊ शकतो आणि पाण्याबरोबर मीठही जातं. रक्तातला खारटपणा फारसा वाढत नाही, त्यामुळे घोडा आतून कोरडा पडला तरी त्याला तहान लागतेच असं नाही. मीठ दिल्यावर तहान लागते, इथपर्यंत तुमचं बरोबर आहे. पण कोरड्या घोड्याच्या पोटात दाट पेस्ट गेली की ती पातळ करायला आतडी रक्तातलंच पाणी ओढतात आणि नाडी आणखी वर राहते. आधी पाणी, मग मीठ, तेही थोडं थोडं. पाणी पीतच नसेल तर भिजवलेलं गवत पुढे ठेवा. मिश्रणात खाण्याचा सोडा नको. घामातून क्लोराइड गेल्याने रक्त आधीच अल्कलीकडे झुकलेलं असतं, सोड्याने ते आणखी झुकतं आणि वापरता येणारं कॅल्शियम घटतं. मग हृदयाच्या ठोक्यागणिक कूस उडू लागते. असं दिसलं की राइड तिथेच संपली, व्हेटला बोलवा.

६८ मागे उष्णताही असू शकते. गेटच्या आधीचा शेवटचा किलोमीटर चालत आणा, पोहोचताच तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) सैल करा आणि मान, छाती, मांड्यांच्या आतली बाजू, सगळीकडे गार पाणी ओतत राहा. गार पाण्याने तापलेले स्नायू आखडतात ही समजूत जुनी आहे आणि चुकीची आहे. ओला टॉवेल मात्र अंगावर ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते.

१५ मिनिटांत ६४ हा नेहमीचा नियम म्हणजे बाद होण्याची रेषा. तयारीचा घोडा साधारण पाचेक मिनिटांत तिथे येतो, म्हणून किती वेळ लागला ते दर गेटला लिहून ठेवा. शंका असेल तर नाडी मोजा, ४० मीटर जाऊन-येऊन दुडकी चालवा आणि दुडकी सुरू केल्यापासून बरोबर एका मिनिटाने पुन्हा मोजा. चारपेक्षा जास्त ठोके वाढले तर थकवा किंवा कुठेतरी दुखणं धरून चाला. हिरडी दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत रंग परतायला हवा. दोन्ही कुशींत, वर आणि खाली, कान लावा. पोट गप्प असेल तर आकडा कितीही चांगला असो, पुढे जाऊ नका.

मागचे पाय ताठ आणि लघवी कॉफीच्या रंगाची असेल तर एक पाऊलही चालवू नका. स्नायू तुटत असतात, मूत्रपिंडं धोक्यात असतात.

गेटवर माघार घेतली तरी लगेच ट्रेलरमध्ये चढवू नका. आधी खाणं, पाणी, लीद आणि लघवी सुरळीत होऊ द्या.