अश्दोदला येतेस, तर मटणाबद्दल थोडं

ठाण्याहून इस्रायलमध्ये, इथे अश्दोदला यायचं ठरतंय, लेक सहा वर्षांची आहे, स्वयंपाकघर कसं लावू आणि मटण आणि दूध वेगळं ठेवण्याचं तिथे किती कडक असतं, असं विचारलंस. भत्ता, उल्पान म्हणजे हिब्रूचे वर्ग, वगैरे ज्यू एजन्सीवाले सांगतीलच. एकच सांगते, आपण बेने इस्रायल, कोकणातले ज्यू; ज्यू असल्याचं दाखवायला आजीचा केतुबा, म्हणजे लग्नाचा करार, आत्ताच शोधून ठेव आणि त्यावरचं आडनाव दाखल्यांशी जुळतंय का बघ. आमच्या एका कागदावर ‘पेणकर’ होतं, दुसऱ्यावर नुसतं बापाचं नाव. त्या एका ‘कर’पायी सात महिने गेले.

आता मटण. आपल्या आया ते अर्धा तास पाण्यात ठेवायच्या, तासभर मीठ लावून रक्त उतरवायच्या, मग तीनदा धुवायच्या. इथे दुकानात ते सगळं होऊनच येतं. म्हणून रश्शात मीठ चाखून घाल. पहिल्या शुक्रवारी माझा रस्सा समुद्र झाला होता.

भांडी, सिंकमधल्या जाळ्या, घासण्या, सगळं दोन-दोन घे. ‘बसारी’ म्हणजे मांसाचं, ‘हलावी’ म्हणजे दुधाचं, ‘पार्वे’ म्हणजे दोन्हींकडे चालणारं. भांड्यांची सवय महिन्यात होते. चहाची होत नाही! मटण खाल्ल्यावर बहुतेक घरी सहा तास दूध नाही. दुपारी जेवून उठलं की चार वाजता डोकं धरतं. सोयाच्या दुधाचा चहा करून पाहिला, त्याबद्दल न बोललेलं बरं. पेसाहच्या सणात भात खायचा की नाही यावर अश्केनाझी, म्हणजे युरोपकडची ज्यू, शेजारीण वाद घालेल. आपण खातो. विषय संपव.

खरं सांगायचं ते डब्याचं. माझी मुलगी तेव्हा तुझ्या लेकीएवढीच. शाळा धार्मिक. आदल्या रात्रीचं नारळाच्या रसातलं मटण आणि भात दिला होता. बाईंनी विचारलं, हे पांढरं काय? पोरीने नव्याने शिकलेल्या हिब्रूत सांगितलं, ‘हलाव कोकोस’. नारळाच्या दुधाला इथे तेच म्हणतात. बाईंनी त्यातला ‘हलाव’ तेवढा ऐकला. मांस आणि दूध! डबा झाकण लावून परत आला, सोबत चिठ्ठी, की घरी कश्रुत, म्हणजे खाण्याचे धर्मनियम, नीट पाळलं जातं का. पोर दोनपर्यंत उपाशी.

अगं, कोकणात पिढ्यान्‌पिढ्या आपण नारळाचा रस घातला, तो मटणात दूध नको म्हणूनच ना! माझ्या सासऱ्यांची पिढी 1964 साली यरुशलेममध्ये धरणं धरून बसली, तेव्हा कुठे धर्मपीठाने आपल्याला लग्नासाठी पूर्ण ज्यू मानलं. ते सगळं त्या चिठ्ठीत मला दिसलं. बाईंना काय माहीत असणार. तरी राग गेलेला नाही, आज वीस वर्षं झाली.

खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, तोडगा सांगितला. 16व्या शतकात क्राकोच्या रब्बी मोशे इस्सेर्लेस यांनी लिहून ठेवलंय, की बदामाच्या दुधातलं मांस असेल तर शेजारी बदाम ठेवावेत, म्हणजे बघणाऱ्याला संशय येत नाही. दुसऱ्या दिवसापासून डब्यात मटणाशेजारी खोबऱ्याचा तुकडा. चिठ्ठी पुन्हा आली नाही. मुलगी तो तुकडा न खाता परत आणायची.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. पुढे.

मांस किती खातात? पुष्कळ. मुंबईत आपल्याकडे सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारा हझान कोंबडी कापून देणार तेव्हा कोंबडी, एरवी मासळी-भाजी. इथे स्वातंत्र्यदिनी बागेत धूरच धूर असतो आणि त्या शेगडीला म्हणतात ‘मंगल’. पहिल्यांदा ऐकून मी हसत सुटले. पण माझी तीच मुलगी आता तेल अवीवला राहते आणि पक्की व्हेगन आहे. मला ऐकवते, आदमला देवाने फक्त झाडपाला दिला होता, मांसाची परवानगी नोहाच्या प्रलयानंतरची. ब्रिटिश काळात इथले मुख्य रब्बी असलेले कूकसुद्धा मांस खाण्याला माणसाच्या कमजोरीपोटी दिलेली सूटच समजायचे. तिच्या घरी भांड्यांचा एकच संच. कोणी विचारायला नको, चिठ्ठी नको. तिला डबा आठवतो का, हे मी कधी विचारलं नाही.

मसाले आणू नकोस, मिळतात. विळी आण. नारळही मिळतो इथे, पण मनासारखी खवणीची विळी मला अजून मिळालेली नाही.