इंटरनेटमुळे एखादा जुना गायक तुम्हाला नव्यानं सापडला का? कसा शोधलात?

हो, बालगंधर्व. जळगावात वाढलेल्या माणसानं हे नाव घ्यावं यात नवल नाही. इथल्या खुल्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे, जानेवारीत त्यांच्या नावानं संगीत महोत्सव भरतो, आणि लहानपणी ते इथंच मेहबूबखाँकडे गाणं शिकले. पण आमच्या पिढीला मिळालं ते फक्त मोठ्यांच्या तोंडचं कौतुक. आवाज कानावर पडला तो फार उशिरा, यूट्यूबवर.

सुरुवात ‘नाथ हा माझा’ या नाट्यपदापासून करा, आणि हेडफोन लावूनच ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर नुसती खरखर हाती लागते. जुन्या ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, त्यामुळे यमन राग पसरायला जागाच नाही. तेवढ्यात हा माणूस शब्द कुठे मोडत नाही, घाई करत नाही. हरकत, म्हणजे सुरांची छोटीशी वळणदार जागा, घेतली तरी कुणाशी तरी बोलणं चालू आहे असंच वाटतं. मे महिन्यात उकाड्यामुळे आम्ही गच्चीवर झोपतो. तिथं रात्री एकच पद पुन्हापुन्हा लावलं, तेव्हा कुठे मला त्यातला ठहराव कळला.

आता शोधायचं कसं? माझं ठाम मत आहे की गायकाच्या नावापाशी थांबू नये. यूट्यूब तुम्हाला तीच दहा पदं फिरवून फिरवून दाखवतं. त्यापेक्षा साथीदाराचं नाव टाका. बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवाँ होते. त्यांचं एकल वादन ऐका. पेशकारातला, म्हणजे सुरुवातीच्या संथ विस्तारातला, एकेक बोल इतका स्वच्छ येतो की ही ताकद नाट्यपदामागे किती संयमानं राहिली असेल याचा अंदाज येतो.

मग गुरूचं नाव. ‘आठवणीतली गाणी’ या संकेतस्थळावर पदाखाली संगीतकार दिलेला असतो. ‘स्वयंवर’ (1916) नाटकातल्या ‘नाथ हा माझा’खाली भास्करबुवा बखले आहेत, तेच बालगंधर्वांचे गुरू. ग्वाल्हेर घराण्याचे फैज महंमद खाँ, आग्रा घराण्याचे नत्थन खाँ आणि जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँ, तिघांची तालीम घेतलेला हा गवई 1922 साली गेला. त्यांच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण मात्र उपलब्ध नाही. याची मला मनापासून हळहळ वाटते. पण शोध तिथं थांबत नाही, कारण बुवा शिष्यांमध्ये सापडतात. मास्तर कृष्णराव ऐका. बालगंधर्व त्यांच्या शेजारी ठेवून ऐका. दोघांचं गाणं एकसारखं नाही, तरी बंदिशीचं तोंड, म्हणजे सुरुवातीचे शब्द, पकडून समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येण्याची ऐट एकाच घरातली वाटते.

केसरबाई केरकरही काही काळ बुवांकडे शिकल्या, पुढे अल्लादिया खाँसाहेबांकडे. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवलेल्या तबकडीवर त्यांची भैरवी आहे. ती बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून लोक तेवढीच ऐकतात. तुम्ही त्यांच्या ख्यालाच्या तबकड्या शोधा. मला तरी भैरवीपेक्षा त्या जास्त आवडतात.