मिनेसोटातील हिबिंग या लहान शहराच्या सरकारी हायस्कूलची इमारत एवढी भव्य कशी?

याचे कारण जमिनीखालच्या लोखंडात आहे. हिबिंग ज्या जागेवर वसले होते, तिच्याखालीच लोहखनिजाचा समृद्ध साठा असल्याचे आढळले आणि १९१९ पासून घरे-दुकाने ओंडक्यांवरून ओढत सगळे गाव दक्षिणेकडे हलवण्यात आले. अमेरिकेत सरकारी शाळांचा खर्च मोठ्या प्रमाणात स्थानिक मालमत्ता करातून भागतो. इथे करदाती खाणच असल्यामुळे नव्या गावाला हात आखडता घ्यावा लागला नाही.

१९२० ते १९२२ या काळात जवळपास ४० लाख डॉलर खर्चून ही इमारत उभी राहिली, आणि त्या काळच्या मानाने ही रक्कम थक्क करणारीच म्हणावी लागेल. सुमारे १,८०० आसनांच्या सभागृहात चेकोस्लोव्हाकियात घडवलेली काचेची झुंबरे आणि भलामोठा पाइप ऑर्गन आहे, तर ग्रंथालयाच्या भिंतीवर खाणकामगारांचे दीर्घ चित्र रंगवलेले आहे. माझ्या मते या शाळेतले सर्वांत अर्थपूर्ण दालन ग्रंथालयच, कारण हे वैभव कुणाच्या श्रमांवर उभे आहे, हे तिथे मुलांच्या डोळ्यांसमोर राहते.

आजही येथे नियमित वर्ग भरतात. खेळाडूंच्या संघांना ‘ब्लूजॅकेट्स’ म्हणतात. बास्केटबॉलपटू केव्हिन मॅकहेल याच शाळेचा. १९५९ मध्ये येथून उत्तीर्ण झालेला रॉबर्ट झिमरमन पुढे बॉब डिलन या नावाने गाजला आणि २०१६ मध्ये साहित्याच्या नोबेल पुरस्काराचा मानकरी ठरला.