कॉम्प्रेसरशिवाय गारवा : वाचकांच्या शंका

आईला इन्सुलिन चालू आहे. गुहागरला पावसाळ्यात वीज कधी कधी दोन-दोन दिवस नसते. बारा व्होल्टवर चालणारा, गॅस नसलेला छोटा फ्रिज ऑनलाइन पाहिला. घेऊ का?

चालू पेनासाठी जरूर घ्या, साठ्यासाठी नको. या डब्यात पेल्टियर प्लेट असते: चार सेंटिमीटरची चौकोनी चकती, आत बिस्मथ टेल्युराइडच्या बारीक तुकड्यांच्या बहुधा 127 जोड्या. वीज सोडली की एक बाजू गार पडते, दुसरी तापते. फ्रान्सच्या पेल्टियर यांना हा गुण 1834 साली दिसला. मात्र अशा डब्यांच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'बाहेरच्यापेक्षा 15 ते 20 अंश कमी'. घरात 33 अंश असतील तर आत 13 ते 18. न उघडलेल्या इन्सुलिनला 2 ते 8 लागतात.

वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत 25 ते 30 अंशांखाली चारेक आठवडे चालतं. नेमकी मुदत इन्सुलिनसोबतच्या पत्रकात पाहा. साठ्यासाठी वीज गेली की जाड थर्मोकोलचा डबा, बर्फाच्या पिशव्या आणि थर्मामीटर. कुपी बर्फाला टेकू देऊ नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नाही.

डबा घेताना प्लेटच्या कडा सील केलेल्या आहेत का, तेही विचारा. आपल्या दमट हवेत गार बाजूला पाणी सुटतं आणि आतली जोडणी गंजते.

हर्णैला आमची होडी आहे. बर्फावर फार खर्च होतो. सोलर पॅनेल आणि पेल्टियर लावून मासळीचा खण गार ठेवता येईल का?

नाही, आणि यात पैसे घालू नका असं कळकळीने सांगतो. 100 किलो बांगडा 30 अंशांवरून शून्यावर आणायचा तर त्यातून (विजेच्याच युनिटांत मोजली तर) जवळपास 3 युनिट उष्णता काढावी लागते. एवढ्या फरकावर पेल्टियर एक युनिट वीज खाऊन साधारण अर्धा युनिट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे सहा युनिट वीज. चांगला कॉम्प्रेसर हेच काम दीड युनिटच्या आसपास करतो. उलट एक किलो बर्फ नुसता वितळताना 80 किलोकॅलरी ओढून घेतो, म्हणून हिशेबाने 40 किलोच्या आतच भागतं. खर्च वाढतो तो खणाच्या भिंतींतून शिरणाऱ्या उष्णतेमुळे. तिथे पफचं (उष्णता अडवणाऱ्या फोमचं) जाड अस्तर आणि घट्ट बसणारं झाकण करून घ्या. बर्फ वाचेल तो तिथेच.

देवगडला हापूसच्या खोलीसाठी चालेल?

आज नाही. हापूसला 13 अंशांच्या आसपास पुरतं, त्याखाली साल काळी पडते. फरक कमी असला तरी खोलीभर आंब्याची उष्णता या प्लेटांच्या आवाक्याबाहेर आहे.

मग हे तंत्र पर्यावरणाला चांगलं का म्हणतात? (मालवण)

कारण गळायला गॅसच नसतो. जुन्या फ्रिजमधला आर-134ए गॅस शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या 1,400 पटींहून जास्त तापवतो, आणि किनाऱ्यावर खाऱ्या हवेने कॉइलला भोकं पडून तो गळतो. अशा गॅसवर कपात करण्याचं ठरलं ते 2016 च्या किगाली करारात. भारताने त्याला 2021 मध्ये मान्यता दिली.

माझी खरी आशा पेल्टियरवर नाही, त्याच्या भावंडांवर, म्हणजे गॅसशिवाय गारवा देणाऱ्या इतर पदार्थांवर आहे. रुंद रबरबँड झटकन ताणून ओठाला लावा, कोमट लागेल. तसाच धरून थांबा, मग सोडून पुन्हा लावा, गार लागेल. निकेल-टायटॅनियमच्या तारांत हाच गुण कितीतरी जोरकस आहे. गॅडोलिनियम धातू चुंबकाजवळ नेला की तापतो, दूर केला की थंडावतो, आणि तोही नेमका 20 अंशांच्या आसपास सर्वांत जास्त. प्रयोगशाळांत अशी यंत्रं चालली आहेत. महाग धातू आणि लाखो वेळा ताणूनही न तुटणारी तार, या दोन ठिकाणी घोडं अडलंय.

तोवर नवा फ्रिज घेताना मागच्या पट्टीवर आर-600ए (आयसोब्युटेन, हवा फारच कमी तापवणारा गॅस) लिहिलेलं पाहा. जुना भंगारात देण्याआधी मेकॅनिककडून गॅस सिलिंडरमध्ये काढून घ्या. नळी कापून हवेत सोडू देऊ नका.