भिंतीवर आधी टकटक करा

मागच्या अंकात घडीच्या अवनिंगबद्दल थोडं लिहिलं होतं. भिंतीला लावलेलं, हँडल फिरवलं की दोन हात पसरून बाहेर येणारं ते कापडी छत. या वेळी निम्मी पत्रं त्यावरच आली, आणि गिऱ्हाइकांपेक्षा काम करणाऱ्यांची जास्त, म्हणून मला बरं वाटलं. नव्या वाचकांसाठी माझी ओळख: माझे वडील पुण्यात मार्केट यार्डाजवळ ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचे. मी 14व्या वर्षी त्यांच्या मशीनवर बसले. गेली 22 वर्षं आमच्या शेडमध्ये अवनिंग बनतात. कापड माझ्याकडे, लोखंड-ॲल्युमिनियम आमच्या ह्यांच्याकडे.

प्रश्न: आयटीआयचा फिटरचा 2 वर्षांचा कोर्स करून एका अवनिंगवाल्याकडे लागलो. चार महिने झाले, नुसतं पाईप कापणं आणि झाडलोट. साईटवर नेतच नाहीत. काय शिकलो म्हणजे नेतील? (एक वाचक, सातारा)

उत्तर: बाळा, कापायला बसवलंय म्हणजे मालकाने त्याचे पैसे तुझ्या हातात दिलेत, हे आधी ध्यानात घे. रोलरचा पाईप (ज्यावर कापड गुंडाळतं तो) लांब राहिला तर परत कापता येतो. आखूड झाला तर भंगारात जातो, नाहीतर ती लांबी पुढच्या कुठल्या ऑर्डरला बसेल याची वाट बघत वर्षभर कोपऱ्यात उभी राहते. कटरचं पातं साधारण 3 मिलिमीटर खातं. ते रेघेच्या कोणत्या अंगाला बसवायचं, हे ज्याच्या हाताला न विचारता कळतं त्याला आम्ही साईटवर नेतो. कापल्यावर कड कानशीने मोडतोस का? नाही मोडलीस तर तीच धार पुढे खाचेत सरकवलेलं कापड फाडते, आणि बोलणी मला बसतात.

टेपचं पुढचं पत्र्याचं नाक वापरून वापरून ढिलं होतं. नेमकं माप हवं तर 10 सेंटिमीटरच्या खुणेपासून मोज आणि शेवटी ते 10 वजा कर. (आमच्याकडे एक जण वजा करायला विसरला. ते कापड आता कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीवर आहे, छान दिसतं.) साईटवर ज्या टेपने माप घेतलं त्याच टेपने शेडमध्ये कापायचं.

आता तुला साईटवर काय शिकायचंय ते सांगते, कारण तिथे गेल्यावर सगळे घाईत असतात, कुणी सांगत नाही. अवनिंग बिघडतं ते बहुतेक वेळा भिंतीपाशी. एक साधा हिशोब कर. 3 मीटर बाहेर येणाऱ्या अवनिंगचे हात, पुढची पट्टी आणि कापड मिळून 35 किलो धर. हे वजन सरासरी दीड मीटरवर लटकतं. ब्रॅकेटचा वरचा बोल्ट आणि ब्रॅकेटचं खालचं टोक यांत अंतर 15 सेंटिमीटर. म्हणजे दीड मीटरची तरफ आणि 15 सेंटिमीटरचा टेकू, दहापट. वरच्या बोल्टांवर मिळून 350 किलोची ओढ आली, आणि अजून वारा सुटलेलाच नाही.

म्हणून ड्रिल लावायच्या आधी हातोडीच्या दांड्याने भिंतीवर टकटक कर. भरीव आवाज, पोकळ आवाज, सुटलेल्या गिलाव्याचा फुटका आवाज, हे आठ-दहा साईटमध्ये कानाला कळायला लागतात. मग भोक पाडताना भुकटी बघ. पहिला सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर करडी येते तो गिलावा, तो खोलीत धरायचा नाही. त्यानंतर लाल आली तर वीट; करडीच राहिली आणि बिट रडायला लागलं तर काँक्रीट, म्हणजे तुझं नशीब चांगलं. बिट लोण्यात गेल्यासारखं गेलं आणि पिठासारखी भुकटी आली, तर ती हलक्या ब्लॉकची भिंत, ज्याला आपण सगळे सिपोरेक्स म्हणतो. तिथे फुगणारा फास्टनर मारलास की ब्लॉकच फुटतो. तिथे एक तर बीम शोध, नाहीतर आरपार बोल्ट घेऊन आतून पत्र्याची प्लेट दे. विटेत केमिकल अँकर, म्हणजे भोकात चिकटणारं केमिकल भरून त्यात रोवलेला बोल्ट, आणि वीट पोकळ असेल तर जाळीची नळी घालून. भोक ब्रशने आणि फुंकणीने साफ केल्याशिवाय केमिकल भरायचं नाही, नाहीतर ते भिंतीला न चिकटता भुकटीला चिकटतं. हे एवढं लिहिलंय कारण जुन्या वाड्यातल्या मातीच्या भिंतीतून निघालेलं ब्रॅकेट मी स्वतः पाहिलंय. दुपारची वेळ होती, खाली कुणी नव्हतं.

एक जादाची गोष्ट, ती तुला मालकापुढे बोलता येईल. गिऱ्हाईक म्हणतं, अडीच मीटरच्या बाल्कनीला 3 मीटर बाहेर येणारं द्या. साध्या हातांचं होत नाही. प्रत्येक हात कोपरात दुमडून आत येतो, दीड-दीड मीटरचे दोन दुमडलेले हात शेजारी शेजारी झोपले की 3 मीटर तिथेच भरले, वर ब्रॅकेटला जागा हवीच. एकमेकांवरून जाणारे हात वेगळे मिळतात, पण ते मागवायला हवेत.

प्रश्न: मी 15 वर्षं शिलाई मशीन चालवते, आधी परकर, आता पिशव्या. गावात अवनिंगचं युनिट निघालंय, बायका घेणार म्हणतात. हे काम मला जमेल का? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर: ताई, तुम्हाला नाही तर कुणाला जमणार. पण पिशवीची सवय काही बाबतीत सोडावी लागेल.

पिशवीला टाका जितका बारीक तितकी ती मजबूत दिसते. इथे बारीक टाका म्हणजे टपाल तिकिटासारखी भोकांची रांग. ताण आला की कापड तिथेच उसवतं आणि पाणीही तिथूनच झिरपतं. आम्ही 4 मिलिमीटरच्या आसपास ठेवतो. सुती दोरा चालत नाही. पॉलिस्टर चालतो, पण आपल्याकडच्या उन्हात कापडाच्या आधी दोरा कुजतो. पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) दोरा महाग असतो, त्याला ऊन लागत नाही. गिऱ्हाइकाला दोन्हींचे भाव सांगा, लपवू नका.

अवनिंगचं ॲक्रिलिक कापड बहुतेक 120 सेंटिमीटर पन्ह्याचं येतं, वजन चौरस मीटरला 300 ग्रॅमच्या आसपास. 4 मीटर रुंदीला चार पट्टे लागतात. शिवण भिंतीकडून पुढच्या पट्टीकडे जायला हवी, आडवी नाही. आडव्या शिवणीवर पाणी अडतं. उरलेलं कापड एकाच कडेला कापू नका, दोन्ही कडांचे पट्टे सारखे घ्या, नाहीतर रेघांचं कापड असेल तर रस्त्यावरूनही चूक दिसते. शिवून झालं की जमिनीवर पसरून कर्ण मोजायचे. 4 बाय 3 मीटरच्या कापडाचे दोन्ही कर्ण 5 मीटर यायला हवेत. एक 5 आणि दुसरा 4.97 आला, तर कापड तिरकं आहे. ते रोलरवर एका बाजूला सरकत जाणार. आमच्या शेडमध्ये कर्ण मोजल्याची सही ज्या बाईने शिवलं तिची असते, मालकाची नाही.

आणि एका गोष्टीवरून गिऱ्हाईक तुमच्याशी भांडेल, म्हणून आत्ताच सांगते. शिवणीच्या बाजूने लाटा येतात. 78 मिलिमीटरच्या रोलरवर 3 मीटर कापड साधारण 11 वेढे घेतं. शिवणीपाशी दर वेढ्याला एक थर जास्त, अर्ध्या मिलिमीटरचा धरला तरी शेवटी पाच मिलिमीटरचा उंचवटा. तिथे कापड जास्त ताणलं जातं आणि शेजारी सैल पडतं. ही शिवणाऱ्या बाईची चूक नाही. हे ऑर्डर घेतानाच सांगायला हवं. बसवल्यावर सांगितलं की ती सबब वाटते.

पगाराचं विचारलेलं नाहीत, पण सांगते: पिशवीसारखं नगावर काम घेऊ नका. कर्ण मोजायला लागणारी दहा मिनिटं नगाच्या दरात कुणी मोजत नाही.

प्रश्न: माझ्या कामातल्या जोडीदाराच्या हातावर अवनिंगचा हात उघडून आदळला, मनगट मोडलं. मुकादम म्हणतो, त्याचं लक्ष नव्हतं. खरंच लक्षाचा प्रश्न आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: नाही. माझ्या डाव्या हाताची करंगळी नीट मिटत नाही, तीही याच कारणाने, आणि त्या दिवशी माझं पूर्ण लक्ष होतं. मी फक्त पट्टा आधी सोडला.

त्या हातात स्प्रिंग असते, कापड कायम ताठ ठेवायला. घडी मिटलेली असते तेव्हा ती सर्वांत जास्त ताणलेली असते. आपल्याला उलटं वाटतं: मिटलंय म्हणजे शांत आहे. खोक्यातून नवीन हात येतो तो पट्ट्याने बांधून, आणि तो पट्टा पुढची पट्टी दोन्ही हातांना बसून बोल्ट आवळल्याशिवाय कापायचा नाही. कापड बदलायचं असेल तर आधी हात बांधायचे, मगच पुढची पट्टी सोडायची. बांधायला चांगल्या पकडीचा पट्टा, सुतळी नको. सुतळी तुटली की आपल्याला कळायच्या आत कोपर कपाळाशी आलेलं असतं. उभं राहायचं ते कोपर ज्या बाजूला उघडतं तिथे नाही. दोघांनी काम करताना पट्टा सोडणाराच बोलेल, दुसरा फक्त "हो" म्हणेल.

शिडीवर हे करू नका, घोडी लावा. उंची जास्त असेल तर पूर्ण अंगाचा बेल्ट, आणि तो अवनिंगच्या ब्रॅकेटला नाही, दुसऱ्या भक्कम जागी अडकवायचा. हे लिहावं लागतं कारण मी ब्रॅकेटला अडकवलेला पाहिलाय.

तुमच्या मुकादमाला विचारा, पट्टा कुणी सोडला आणि कुणाच्या सांगण्यावरून. लक्षाचं नंतर बघू.

प्रश्न: आमच्याकडे दोन वर्षांत स्क्रूभोवती पांढरी पावडर येते आणि रंग फुगतो. कंपनीचा माल खराब का? (एक फॅब्रिकेटर, रत्नागिरी)

उत्तर: माल चांगलाही असेल. ॲल्युमिनियमला स्टेनलेसचा स्क्रू टेकला आणि त्यावर खारं पाणी बसलं की दोन धातूंमध्ये बॅटरीसारखं काम सुरू होतं, आणि त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मध्ये नायलॉनचा वॉशर द्या, स्क्रू 316 ग्रेडचे घ्या, आणि पावडर कोटिंग झाल्यावर पाडलेल्या प्रत्येक भोकाच्या कडेला रंगाचं बोट लावा. गिऱ्हाइकाला सांगा, महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा. तुमच्याकडे भिंती जांभ्याच्या असतात. त्यात फुगणारे फास्टनर नकोतच, वर साताऱ्याच्या मुलाला जे सांगितलं ते बघा.

प्रश्न: अवनिंगच्या दोन मोटरी एकाच स्विचवर जोडल्या, एक जळाली. का? (एक इलेक्ट्रिशियन, पुणे)

उत्तर: एक मोटर आपल्या हद्दीला पोचून थांबली की दुसरीतून उलटा करंट तिच्यात येतो. प्रत्येक मोटरला वेगळा स्विच किंवा मधे रिले. आणि नळीतल्या या मोटरी साधारण चार मिनिटं सलग चालल्या की गरम होऊन आपोआप बंद पडतात, ती बिघडलेली नसते. मर्यादा लावताना वर-खाली वर-खाली करून तुम्हीच तिला दमवलेली असते. चहा घ्या, परत या.

प्रश्न: अवनिंग बसवून दिलं, गिऱ्हाइकाने पावसात उघडं ठेवलं, कापडाला पोट आलं आणि एक हात वाकला. आता फुकट दुरुस्त करून मागतात. आम्ही काय करायचं? (एक फिटर, नाशिक)

उत्तर: आधी एक प्रश्न तुम्हाला: उतार किती ठेवला होता? मीटरला 25 सेंटिमीटर, म्हणजे 14 अंशांच्या आसपास, याहून कमी असेल तर पाणी वाहून जात नाही, साठतं. गिऱ्हाइकाला उंच दार हवं असतं, मोठी गाडी आत यायला हवी असते, मग आपण मान डोलावून छत सपाट करतो. एक चौरस मीटरच्या पोटात सरासरी 5 सेंटिमीटर पाणी साठलं की 50 किलो झाले. हात वाकणारच. उतार कमी होता तर निम्मी चूक तुमची, दुरुस्तीही निम्मी तुमची.

उतार बरोबर असेल तर देताना तुम्ही काय सांगितलंत? "साहेब, जपून वापरा" हे सांगणं नाही. आम्ही हात धरून दाखवतो: हँडल आजोबांच्या हातात देतो, घरातल्या एका बाईच्या हातात देतो, प्रत्येकाकडून एकदा उघडून-मिटवून घेतो. मग सांगतो की ही सावली आहे, पत्रा नाही. भुरभुर चालेल, धो धो आला की मिटवायचं. ओलं मिटवलं तर ऊन पडल्यावर उघडून वाळवायचं, नाहीतर बुरशी. वाऱ्याचंही सांगतो. युरोपात ईएन 13561 म्हणून मानक आहे, त्यातला दुसरा वर्ग ताशी 29 ते 38 किलोमीटरच्या वाऱ्यापर्यंतचा. हे आकडे गिऱ्हाइकाला सांगून उपयोग नाही. आम्ही सांगतो, आंब्याच्या बारीक फांद्या हलतात तोवर ठीक, मोठ्या फांद्या डोलायला लागल्या की मिटवा.

आणि मे महिन्यात फोन करा. नाशिकला काय, पुण्याला काय, जुलैच्या संततधारेत अवनिंग क्वचित मोडतं, तोवर लोकांनी ते मिटवलेलं असतं. मोडतं वळवात. दुपारी कडक ऊन, म्हणून पूर्ण उघडं. चार वाजता धुळीचा लोट येतो, आणि घरात सगळे झोपलेले असतात. आमच्या वहीत मागच्या पाच वर्षांतली गिऱ्हाइकं आहेत. एप्रिल संपला की मी एकेकाला फोन लावते, दोन वाक्यं बोलते: झोपायच्या आधी मिटवा, आणि बाहेरगावी जाताना मिटवा. अर्धे म्हणतात, "ताई, आठवण केलीत बरं झालं," आणि फोनवरच हँडलचा आवाज ऐकू येतो.