रोड बाइक थांबेल, क्लबला थांबवू नका

चिंचवडच्या एका वाचकांचा प्रश्न आहे: "वय ४१. सहा वर्षं एमटीबी (डोंगरवाटांसाठीची सायकल) चालवतोय. मावळातल्या वाटांवर सोबत येणारे दोघेही मित्र आता दुसऱ्या शहरांत गेले. जवळचा एक सायकल क्लब दर रविवारी रस्त्यावर लांबची राइड करतो, तिथे जायचं आहे आणि पुढे २०० किलोमीटरची बीआरएम (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड) करायची आहे. त्यासाठी १,८५,००० रुपयांची कार्बन फ्रेमची रोड बाइक, म्हणजे डांबरी रस्त्यासाठीची हलकी सायकल, बघून ठेवली आहे. बोनस १,२०,००० आला आहे. त्यातले ८५,००० भरून उरलेल्या लाखाचा क्रेडिट कार्डावर १२ महिन्यांचा नो कॉस्ट ईएमआय घ्यावा का? आम्हा दोघांचा मिळून ९२,००० पगार हातात येतो. गृहकर्जाच्या हप्त्यासह खर्च ६८,०००, एसआयपी १५,०००. अडीअडचणीसाठी १,१०,००० बाजूला आहेत."

क्लबमध्ये येत्या रविवारीच जा. ही सायकल मात्र आत्ता घेऊ नका.

खर्च आणि एसआयपी वजा जाता तुमच्याकडे महिन्याला ९,००० उरतात. सायकलचा हप्ता ८,३३३ बसेल. म्हणजे वर्षभर हातात राहणार ६६७ रुपये. शाळेची फी, गाडीची सर्व्हिसिंग किंवा आईवडिलांचं एखादं आजारपण आलं की पहिली थांबेल ती एसआयपी. बोनसमधले उरलेले ३५,०००सुद्धा राहणार नाहीत. क्लीटचे (पेडलला अडकणारे) शूज, पेडल, चांगलं हेल्मेट, पॅडेड शॉर्ट्स, पुढचामागचा दिवा यांत ते कधी गेले ते कळणारही नाही.

नो कॉस्ट म्हणजे फुकट नव्हे. बँक व्याज लावतेच; तेवढी रक्कम किमतीतून आधी वजा करून दाखवतात, इतकंच. व्याजदर १५ टक्के धरला तर या लाखाच्या हप्त्यांत साधारण ७,७०० रुपये व्याज असतं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,४०० च्या आसपास, तुम्हालाच भरावा लागतो. प्रोसेसिंग फी वेगळी. रोखीने घेताना दुकानदार जी सूट देतो, तीही बहुतेकदा हातची जाते.

आता सायकलीकडे बघू. २०० च्या बीआरएमला साडेतेरा तास मिळतात. चहा, पोहे, पंक्चर सगळं धरून ताशी १५ किलोमीटरही लागत नाहीत. ही शर्यत नसते, पहिला-दुसरा नंबर नसतो, वेळेत पोहोचलं की झालं. सहा वर्षं मावळात चढ मारलेल्या पायांना हे तुमच्या एमटीबीवरही जमेल. गुट्ट्यांचे टायर काढून त्याच रिमला बसतील असे अरुंद, गुळगुळीत टायर घाला आणि पुढच्या फोर्कला लॉकआउट (धक्के शोषणारी स्प्रिंग बंद करायची कळ) असेल तर रस्त्यावर तो लावून ठेवा. टायर-ट्यूब मिळून चार-पाच हजारांत काम होईल. रोड बाइकची मजा यात येणार नाही, हे मान्य करतो. जुन्या हायवेने लोणावळ्याकडे जाताना समोरून वारा आला की जड सायकलवर दम निघतो आणि क्लबचा वेगवान गट पुढे निघून जातो. म्हणून सुरुवातीला सावकाश जाणाऱ्या गटात राहा.

बोनसमधले ७०,००० अडीअडचणीच्या रकमेत घाला. आज ती दोन महिनेही पुरत नाही. मी चार महिन्यांचा खर्च, म्हणजे २,७२,०००, गाठायला सांगेन. नंतर महिन्याच्या ९,००० पैकी निम्मे तिकडे आणि निम्मे सायकलसाठी आवर्ती ठेवीत टाका.

उरलेल्या ५०,००० मधून पहिला खर्च वैयक्तिक अपघात विम्याचा. तुम्ही पत्रात विम्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिथेच वाटते. डोंगरात पडलात तर स्वतःच्या चुकीने पडता. हायवेवर शेजारून ट्रक जातो. आरोग्य विमा हॉस्पिटलचं बिल भरतो, पण कॉलरबोन मोडून दोन महिने घरी बसावं लागलं आणि रजा संपली तर पगाराची भरपाई तो करत नाही. तात्पुरत्या अपंगत्वात दर आठवड्याला रक्कम देणारी पॉलिसी बघा. शर्यती आणि साहसी खेळ बऱ्याच पॉलिसींतून वगळलेले असतात, तेव्हा बीआरएमचं नाव घेऊन कंपनीकडून ईमेलवर लेखी उत्तर घ्या. हेल्मेट आणि दिवे यानंतर, पण पहिल्या राइडच्या आधी.

२०० झाली, जमलं तर ३०० झाली आणि पावसाळ्यानंतरही रविवारी पहाटे उठावंसं वाटलं, की रोड बाइक जरूर घ्या. तोवर दहा जणांच्या सायकली बघून झालेल्या असतील आणि आपल्याला कुठल्या मापाची फ्रेम लागते हे कळलेलं असेल. क्लबमध्ये कोणीतरी नवी घेऊन जुनी विकतच असतो, आणि ती कशी वापरली हे सगळ्यांना माहीत असतं. अशी अ‍ॅल्युमिनियमची सायकल मिळाली तर रोखीने घ्या. जुनी कार्बन फ्रेम टाळा. आतली चीर वरून दिसत नाही. मूळ बिल मागा, त्यावरचा फ्रेम नंबर सायकलवरच्या नंबराशी जुळवा, आणि चेन आणि कॅसेट (मागच्या चाकाची दातेरी चक्रं) किती झिजलीय ते मेकॅनिकला दाखवून मगच किंमत बोला.