ऑगमेंटेड रिॲलिटी (हेडसेटमधून समोरच्या खऱ्या वस्तूंवर चित्र उभं करणारं तंत्र) आल्यावर नर्सिंगच्या स्किल लॅबमधले पुतळे काढून टाकता येतील का? कोणता हेडसेट घ्यावा?

पुतळे काढू नका. काढा म्हणणाऱ्याने आयुष्यात कधी सलाईन लावलेलं नाही, असं मी खुशाल धरून चालते.

शीर बोटाखाली दबून परत वर येते का, हे हाताला कळावं लागतं. सुई आत शिरताना बारीकसा झटका जाणवतो, कॅन्युलाच्या, म्हणजे शिरेत ठेवायच्या बारीक नळीच्या, मागे रक्त दिसतं, मग कोन कमी करून कॅन्युला पुढे सरकवायची. हेडसेटमधून रक्त दिसेल, झटका कुठून आणणार? सीपीआरचंही, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबण्याचंही, तेच. छाती 5 ते 6 सेंटिमीटर दबली का, वेग मिनिटाला 100 ते 120 राहिला का, हे पुतळ्यातला सेन्सर सांगतो.

हेडसेट लागतो तो पुतळ्याला जमत नाही त्यासाठी. साध्या पुतळ्याचा चेहरा बदलत नाही, म्हणून आम्ही ट्यूटर बाजूला उभ्या राहून सांगतो, "आता ओठ निळे पडलेत." विद्यार्थिनी लगेच ऑक्सिजनकडे वळते. अर्धं उत्तर आम्हीच दिलेलं असतं.

आमच्याकडे पहिल्यांदा पुतळ्यावर हेडसेटमधून पेशंट उभा केला, तेव्हा शेवटच्या वर्षाच्या तीन मुली आत होत्या. तिघी हुशार. पेशंटचा श्वास वाढला, नाकपुड्या फुलल्या, ओठ निळसर व्हायला लागले. तिघींचे डोळे मॉनिटरवर. बोटावरचा प्रोब उशिराच सांगतो, त्यामुळे तिथे सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) अजून बरं दिसत होतं. एक तर शांतपणे चार्ट भरत होती. अलार्म वाजला तेव्हा कुठे धावपळ सुरू झाली.

नंतर रेकॉर्डिंग लावून मी एवढंच विचारलं, "पेशंटच्या तोंडाकडे पहिल्यांदा कधी पाहिलंत?" बराच वेळ कोणी बोलेना. मग चार्ट भरणारी म्हणाली, "मॅडम, अलार्म वाजला की बघायचं, अशी सवय लागलीये." त्या वाक्यावर सगळा तास गेला, आणि तो सत्कारणी लागला. पुढच्या खेपेला तीच मुलगी आत गेल्या गेल्या पेशंटशी बोलली, "काका, कसं वाटतंय?" एका दमात वाक्य पूर्ण होत नाहीये हे ऐकून तिने डोक्याकडची बाजू वर केली आणि ऑक्सिजन लावला. मॉनिटर नंतर बघितला. मला आजही त्या मुलीचा अभिमान वाटतो.

आणि आमच्या तेव्हाच्या प्रमुखांनी नेमकी ही चर्चाच कापली! म्हणे, सॉफ्टवेअर आपोआप गुण देतं, तेवढ्या वेळात आणखी एक बॅच बसेल. ऑक्सिजन लावायला किती सेकंद लागले ते सॉफ्टवेअर सांगेल. त्या मुलीने पेशंटकडे का पाहिलं नाही, हे त्याला कधीच कळणार नाही. ते समोर बसून विचारावं लागतं, आणि विचारणारी व्यक्ती वॉर्डात काम केलेली लागते. मी तेव्हाही हेच भांडले, आजही भांडेन.

राहिला प्रश्न कोणता घ्यावा याचा. होलोलेन्स 2 या हेडसेटचं उत्पादन मायक्रोसॉफ्टने 2024 मध्ये थांबवलं आहे, तेव्हा स्वस्तात मिळतोय म्हणून नव्याने त्यात पडू नका. बाकी कुठलाही घ्या, पण आपलं सॉफ्टवेअर उद्या दुसऱ्या हेडसेटवर चालेल का, हे आधी विचारा. डेमो स्वतःच्या लॅबमधल्या दिव्यांखाली बघा. पारदर्शक काचेच्या हेडसेटमध्ये झगझगीत उजेडात रंग फिके पडतात, आणि निळे ओठच दिसले नाहीत तर सगळा खटाटोप वाया.

हो, काहींचं डोकं दुखतं, चष्मेवाल्यांना पट्टा नीट बसत नाही, आणि प्रत्येकीनंतर तो पुसावा लागतो. त्याचा वेळ धरा. वेळापत्रकात दहा मिनिटांच्या सरावामागे वीस मिनिटांची चर्चा आधीच लिहून, वरिष्ठांची सही घेऊन ठेवा. खरेदी झाल्यावर ती कोणी देत नाही.